मुकादमाची आंघोळ

रविवारी सकाळी रत्नप्रभाबाईंनी मागच्या दाराची कडी काढली आणि मुकादम बाहेर आला नाही.

एरवी कडी वाजली की तो फळ्यांच्या खोपटातून डोकं काढायचा, इकडे तिकडे बघायचा आणि कुंपणाच्या भिंतीलगत फेरीला निघायचा. त्याच्या या फेरीवरूनच बाईंनी त्याचं नाव ठेवलं होतं. त्यांचे यजमान सहदेव गिरणीत होते तेव्हा ज्या मुकादमाच्या नावाने रोज बोटं मोडायचे, तो असाच मान ताठ करून खात्यातून फिरायचा म्हणे, आणि कोणाचं काम त्याला कधी पसंत पडायचं नाही. हे कासवही तसंच. दोन वर्षांत घरातल्या एकाही माणसाकडे त्याने कौतुकाने पाहिलेलं नव्हतं. तरी सहदेव गेल्यानंतर या तळमजल्यावरच्या घरात रत्नप्रभाबाई रोज सकाळी जर कोणाशी पोटभर बोलत असतील तर ते याच्याशी.

बाई गुडघ्यावर हात टेकून खाली वाकल्या. मुकादमाची मान बाहेर होती, पण जमिनीला टेकलेली. डोळे मिटलेले. नाकपुडीशी एक बुडबुडा यायचा, फुटायचा, पुन्हा यायचा, आणि मधूनमधून आतून शीळ घातल्यासारखा बारीक आवाज.

"श्वेता, इकडे ये गो," त्यांनी हाक मारली, आणि आपला आवाज आपल्यालाच ओळखू येत नाही असं त्यांना वाटलं.

थोरली सून चहा गॅसवर तसाच टाकून धावत आली. मे महिन्यातलं बोरीवली म्हणजे सकाळी आठलाच अंगाला कपडे चिकटतात. श्वेताने एका नजरेत ठरवलं की हे ऊन बाधल्याचं लक्षण आहे. तिने नळाखालचा मग भरून मुकादमाच्या पाठीवर ओतला, मग दुसरा, मग तिसरा. मुकादमाने मान जेमतेम बोटभर आत घेतली. बुडबुडा मोठा झाला.

तेवढ्यात तिचा नवरा हर्षद बनियनवरच बाहेर आला. कासव आणलं होतं त्यानेच. सिनेमाच्या सेटना सामान पुरवायचा त्याचा धंदा. मढच्या एका बंगल्यात शूटिंग संपल्यावर टेबलं, झुंबरं, गालिचे सगळं ट्रकमध्ये चढलं, पण कोरड्या कारंज्यात ठेवलेलं हे जनावर आपलं म्हणायला कोणी तयार होईना. हर्षदने ते टोपलीत घालून घरी आणलं. परदेशी जात, आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातली, हे तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या भावाने, नितेशने शोधून काढलं. वनखात्यात खेपा घालून त्याची रीतसर नोंदणी करून घेतली तीही नितेशनेच. तेव्हा दोघे भाऊ बोलत होते.

आता बोलत नव्हते. होळीच्या आधी बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटची मीटिंग झाली. दोघांनी दोन बाजूंनी हात वर केले, आणि हर्षदने सगळ्या सोसायटीसमोर धाकट्या भावाला बिल्डरचा माणूस म्हटलं. त्या दिवसापासून तळमजला आणि तिसरा मजला यांच्यात अबोला. सणाला ताटं वरखाली गेली, माणसं गेली नाहीत.

हर्षदने कासवाकडे पाहिलं आणि मग मान वर करून तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे. "वरून काहीतरी टाकलं असणार याला खायला," तो म्हणाला.

कासव आजारी आहे हे एक दुःख होतं. पण या वाक्यातून रत्नप्रभाबाईंना पुढचं सगळं दिसलं. मुकादम गेला तर खालचे म्हणणार वरच्यांनी मारलं, वरचे म्हणणार खालच्यांनी. मीटिंगमधला शब्द आज ना उद्या विसरता आला असता. हे विसरलं जाणार नव्हतं. या वयात त्यांना आता एवढंच हवं होतं की आपण डोळे मिटायच्या आत ही दोन पोरं एकमेकांशी बोलावीत, आणि ते सगळं आत्ता या बुडबुड्यावर येऊन थांबलं होतं.

गॅलरीतून धाकट्या सुनेने, गंधालीने पाहिलं असावं, कारण दोन मिनिटांत नितेश खाली आला. अंगणाच्या फाटकाशीच उभा राहून तो आईशी बोलला. "आई, एवढ्या उन्हात त्याच्याकडे दिवसभर कोणी बघतच नाही. असं होणारच ना?"

"आई, ज्याला एवढा पुळका आहे त्याने यायचं होतं बघायला," हर्षद म्हणाला.

दोघेही आईकडे बघून बोलत होते. गेले कित्येक आठवडे रत्नप्रभाबाई अशाच मधल्या खांबासारख्या उभ्या होत्या. आज त्यांनी ऐकून घेतलं नाही. हर्षदचा टेम्पो मढला अडकलेला, म्हणजे गाडी नितेशची. त्यांनी सांगितलं की नितेशने गाडी काढायची, हर्षदने टोपली उचलायची, दोन्ही सुनांनी यायचं आणि तोंडं वाकडी कोणी करायची नाहीत. नितेशने अंधेरीच्या एका डॉक्टरीणबाईंचा नंबर शोधला. त्या कासवं, पोपट असले प्राणी बघायच्या आणि रविवारी सकाळी दवाखाना उघडा ठेवायच्या.

*

मागच्या सीटवर श्वेता मधे बसली होती. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला गंधाली, मांडीवर टोपली. पुढे दोघे भाऊ एकमेकांच्या शेजारी, एकमेकांकडे न बघता. हायवेवर रविवारची गाडी सुसाट चालली होती आणि आत मात्र कोणाला श्वास घ्यायलाही संकोच वाटत होता.

"वहिनी, दादाला सांगा, पट्टा लाव," नितेश म्हणाला.

हर्षदने पट्टा लावला. कांदिवली गेल्यावर तो म्हणाला, "आई, त्याला सांग, एसी वाढव. जनावर तापलंय."

नितेशने एसी फुल केला आणि एक झोत मागे वळवला, बरोबर टोपलीवर. त्या मीटिंगनंतर दोघा भावांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि श्वेताला त्यातल्या त्यात बरं वाटलं. ते एकमत साफ चुकीचं आहे हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं.

तिला दुसऱ्याच गोष्टीने अस्वस्थ केलं. गंधालीने पर्समधून पाण्याची बाटली काढली. आतलं पाणी गोठलेलं, वरून नॅपकिन गुंडाळलेला. तिने ती टोपलीत मुकादमाच्या कुशीला लावली, नॅपकिनचं टोक त्याच्या पायाखाली सरकवलं. हे करताना तिला एकदाही विचार करावा लागला नाही. बाटली कुठे ठेवायची, किती टेकवायची, सगळं तिच्या हातांना पाठ होतं.

श्वेता आणि गंधाली या जावा खरं तर मैत्रिणी. अबोला नवऱ्यांचा, पण पाळावा लागला दोघींना. भाजीवाल्याकडे भेटायच्या तेव्हा टोमॅटो निवडता निवडता चार वाक्यं बोलून घ्यायच्या, बस. मुकादमाचा विषय त्यांच्यात कधी निघाला नव्हता, कारण तो विषय म्हणजे घर, आणि घराबद्दल बोलायचं नाही असं न ठरवता ठरलेलं होतं.

"तू येतेस का गं खाली?" श्वेताने अगदी हळू विचारलं. "दुपारी?"

गंधालीने खिडकीबाहेर पाहिलं. "आई झोपलेल्या असतात तेव्हा," ती म्हणाली. "तुम्ही ऑफिसात. मला वाटायचं, दुपारचं त्याला कोण बघणार."

श्वेताने मान हलवली. आपण रोज ऑफिसला निघायच्या आधी त्या खोपटातलं गोणपाट नळीने चिंब करतो, हे तिने सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे तिला नीट कळलं नाही. फक्त मांडीवरची टोपली खालून बर्फासारखी गार लागतेय हे तिला पहिल्यांदाच जाणवलं.

*

डॉक्टर शर्मिष्ठा पस्तिशीच्या, केस वर बांधलेले, बोलणं तुकडा पाडल्यासारखं. त्यांनी मुकादमाला टेबलावर घेतलं, कवचावरून तळहात फिरवला आणि आधी गोठलेली बाटली उचलून बेसिनमध्ये टाकली.

"बाहेर एवढं ऊन, आणि हा इतका गार का?" त्या म्हणाल्या. मग पोटाखाली बोट घालून वास घेतला. "आणि ओला. खालचं कवच मऊ पडायला लागलंय. याला पाण्यात ठेवता का?"

"छे," सगळे एकदम म्हणाले.

"आंघोळ?"

रत्नप्रभाबाई पुढे झाल्या. पूजा आटोपली की परातीत पाणी घेऊन आपण त्याला बसवतो, त्यांनी सांगितलं. दिवसातून एकदाच. पाण्यात थोडं कोकमाचं आगळ, म्हणजे खारवलेला रस घालतो, पोटाला थंड म्हणून. डॉक्टरांनी आगळावर काही मत दिलं नाही. एकदा आंघोळ चालेल, म्हणाल्या. मग हा एवढा भिजला कसा?

श्वेताने गोणपाटाचं सांगितलं. तेही एकदाच, सकाळी. तिच्यामागून गंधालीने बाटलीचं सांगितलं, दुपारची, आणि बाटलीबरोबर कलिंगडाची फोड. श्वेताने मान वर केली, कारण सकाळची फोड तिची असायची. रत्नप्रभाबाई पुटपुटल्या की काकडी त्या संध्याकाळी देतात.

नितेश भिंतीला टेकून उभा होता.

तो रोज सातच्या सुमाराला ऑफिसातून यायचा. हर्षद त्या वेळी कुठल्या ना कुठल्या सेटवर असायचा हे त्याला माहीत होतं. बिल्डिंगच्या मागच्या बाजूने तो अंगणात यायचा, नळी सोडायचा आणि अख्खं अंगण, भिंत, खोपट, मुकादम, सगळं धुऊन काढायचा. आई आत टीव्हीसमोर असायची. मागच्या दाराच्या जाळीतून तिचा अर्धा खांदा दिसायचा. तो पाणी मारत राहायचा, जरा जास्तच वेळ. कासवाच्या काळजीने येतो असं तो स्वतःला सांगायचा. ते खोटं नव्हतं. पण नुसतं कासवासाठी कोणी रोज इतका वेळ नळी धरून उभा राहत नाही, हे त्याला आत्ता, या पांढऱ्या टेबलासमोर, सरळ दिसलं. त्याला त्याच्या आईचं घर हवं होतं. फाटकातून आत यायला त्याच्याकडे दुसरं निमित्त नव्हतं.

"मी पण पाणी मारतो," तो म्हणाला. "संध्याकाळी. नळीने."

हर्षदने पहिल्यांदा त्याच्याकडे वळून पाहिलं. "म्हणजे ते तू मारतोस? मला वाटायचं, आई मारते." मग तो डॉक्टरांकडे वळला आणि जरा खाली बघून म्हणाला, "रात्री आलो की मी टेबलफॅन लावतो त्याच्यासमोर. ओल्या अंगाला वारा लागला की गार वाटेल म्हणून. सकाळपर्यंत."

डॉक्टर शर्मिष्ठांनी हातमोजे काढले. "म्हणजे सकाळी नळी, मग परात, दुपारी बर्फ, संध्याकाळी पुन्हा नळी आणि रात्रभर पंखा. हे वाळवंटाच्या काठावरचं जनावर आहे. याला ऊन सोसतं, सावली लागते, जमीन कोरडी लागते आणि खायला सुकं गवत. तुम्ही याला सर्दी करून ती छातीपर्यंत नेलीय." त्यांनी एकेकाकडे पाहिलं. "एकाच घरातले ना तुम्ही? एकमेकांना विचारत नाही, पाणी घातलंस का म्हणून?"

गंधाली जमिनीकडे बघत राहिली.

"नाय विचारत," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "बोलणाच नाय, तर विचारतले कसे."

*

एक्सरे काढायला मुकादमाला आत नेलं आणि हे पाचजण बाहेरच्या बाकांवर बसले. समोर पिंजऱ्यात कोणाचा तरी पोपट एकसारखा शीळ घालत होता.

रत्नप्रभाबाईंना वाटलं होतं आपण रडू. रडू आलं नाही, राग आला. इतक्या वर्षांत त्यांनी मुलांना दोनदाच मारलं असेल, आज हात शिवशिवत होते. त्यांनी दोघांना समोर बोलावलं. पन्नाशीचा हर्षद आणि त्याच्याहून चार वर्षांनी धाकटा नितेश शाळेतल्या पोरांसारखे येऊन उभे राहिले.

"ऐका आता," त्या म्हणाल्या. "ता जगला तर जगला. पण गेला, तर ह्याने मारल्यान, त्याने मारल्यान, असा माका कोणी सांगूचा नाय. तुमी सगळ्यांनी मिळान केलास. मीय केलंय. कोणी वाईट म्हणून केल्यान नाय. सगळ्यांका माया होती, पण तोंडा नव्हती."

नितेश खाली बसला आणि त्याने आईचे हात धरले. हर्षद उभाच राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं हे श्वेताला दिसत होतं, आणि ते त्याच्याने होत नाहीये हेही. शेवटी तो कोपऱ्यातल्या मशिनवर गेला, पाण्याचे ग्लास भरून आणले आणि पहिला ग्लास नितेशच्या हातात दिला. नितेशने घेतला. दोघांपैकी कोणी आईला मधे घातलं नाही.

डॉक्टर बाहेर आल्या त्या हातात फिल्म घेऊनच. रत्नप्रभाबाई उठून उभ्या राहिल्या.

"जगतला ना गो?"

"जगेल," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "डाव्या बाजूला थोडं भरलंय, उजवी बाजू स्वच्छ आहे. अजून काही दिवस हेच चाललं असतं तर मी असं बोलले नसते. वेळेत आलात."

गंधालीने श्वेताच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मोकळेपणाने रडून घेतलं. श्वेता तिची पाठ थोपटत होती आणि स्वतः हसत होती. रत्नप्रभाबाई परत बाकावर बसल्या. त्यांच्या छातीवरचा दगड उतरला होता. त्यांनी पोपटाच्या मालकिणीला उगीचच सांगितलं, आमचो मुकादम बरो होतलो म्हणून, आणि तिनेही आनंद दाखवला.

मग डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. एक दिवसाआड इंजेक्शन, पुढच्या पायात. दर वेळी बोरीवलीहून इथे आणण्यात त्याचीच दमछाक, तेव्हा घरीच द्यायचं. ते त्या आत्ताच शिकवतील. पण एकट्याचं काम नाही. एकाने कासव घट्ट धरून पाय ओढून ठेवायचा, दुसऱ्याने सुई द्यायची. पाय भलताच ताकदवान असतो, हात मजबूत पाहिजेत.

त्यांनी खोलीतले मजबूत हात शोधले. त्या दोनच जोड्या होत्या.

*

पहिल्या इंजेक्शनला नितेश जिने उतरून आला आणि फाटकाशी क्षणभर थांबला. हर्षदने आतून सांगितलं की फाटक उघडंच आहे. मुकादमाने पाय आत ओढून घेतला, हर्षदच्या अंगठ्याला ओरखडा काढला, सुई वाकली. दोघांनी मिळून त्याला अशा काही शिव्या घातल्या की रत्नप्रभाबाईंनी कानांवर हात ठेवले.

अंगणाचा तोंडवळा बदलला. नळी गुंडाळून माळ्यावर गेली. हर्षदने सेटवरचं उरलेलं प्लायवूड आणून खोपट जमिनीपासून उचललं, वर जाड सावली केली, आत सुकी माती. गवत आणायचं काम नितेशचं. परातीतली आंघोळ राहिली, पण डॉक्टर म्हणाल्या तशी, थोडकी आणि आगळाशिवाय, आणि ती झाली की रत्नप्रभाबाई जिन्यातून वर तोंड करून सांगायच्या, घातलंय गो पाणी, आता कोणी घालू नको. मुकादमाच्या नाकाचे बुडबुडे बंद झाले. शीळ थांबली. एका सकाळी कडी वाजली आणि त्याने खोपटातून डोकं काढलं, नव्या प्लायवूडकडे नापसंतीने पाहिलं आणि भिंतीलगत फेरीला निघाला. बाई पायरीवर बसून पदराने डोळे पुसत राहिल्या. इतकं साधं चालणं बघून इतका आनंद होतो हे त्यांना माहीत नव्हतं.

शेवटचं इंजेक्शन पुन्हा रविवारी आलं. ते एका दमात झालं, दोघांच्या हातांना आता सवय झाली होती. काम संपलं तरी नितेश वर गेला नाही. गवताची पेंढी सोडता सोडता तो म्हणाला की नव्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर पार्किंगच असणार, मुकादमाचं काय करायचं ते आतापासून बघायला हवं. हर्षद म्हणाला, म्हणूनच मी विरोधात हात वर केला. नितेश म्हणाला, भिंतीला गेलेले तडे तुला दिसत नाहीत का, आई इथेच ढिगाऱ्याखाली यायला हवी का? हर्षदने प्लायवूडचा तुकडा आपटला. नितेश म्हणाला, आणि बिल्डरचा माणूस कोणाला म्हणालास तू, सगळ्यांसमोर. हर्षद म्हणाला की हो, म्हणालो, चुकलं माझं, पण तू मला न विचारता हात का वर केलास?

आवाज चढले. समोरच्या खिडकीत कोणीतरी पडदा सरकवला. स्वयंपाकघरात गंधालीने पोळी तव्यावर तशीच सोडली आणि श्वेताकडे पाहिलं. श्वेता हात पुसत मागच्या दाराकडे निघाली.

पायरीवर बसलेल्या रत्नप्रभाबाईंनी हात आडवा घालून तिला अडवलं. त्यांचा चेहरा उजळला होता.

"भांडूंदे गो तेंका," त्या म्हणाल्या. "किती दिसांनी ऐकतंय."